डावा कौल

देवबाग,
शुक्रवार, कार्तिक वद्य दशमी
१४ नोव्हेंबर २०२५

चि. डॉ. गौरजा हिस अनेक आशीर्वाद.

इकडे देवकृपेने बरं आहे. गुडघे चालतात तोवर देवळाची पायरी चुकत नाही. तू पाठवलेल्या गोळ्या घेते. पाकिटावर लिहिलंय दिवसातून दोनदा, मी एकदाच घेते, म्हणजे दुप्पट दिवस पुरतात. रागावू नकोस. नारळ यंदा बारीक आहेत. शेजारचा अजय उद्या सकाळी कोल्हापूरला येतोय, त्याच्या हाती कोकमं आणि हे पत्र देते आहे. कोकमं नंतर बघ.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मध्येच काही विचारतेस आणि मग मला जे जमतं तेच मी बोलते. कागदावर एकदा लिहिलं की लिहिलं.

गेल्या महिन्यात मालवणात तुझा सत्कार झाला, तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. तू म्हणालीस, कुवेतच्या लढाईतून नऊ वर्षांची असताना आले, आई वाटेत वाळवंटातल्या छावणीत गेली, वडील मागे राहिले ते गेलेच, आणि मी आठ महिने मुकी होते. मग घरच्यांनी वडिलांचा दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला आणि त्या दिवशी माझी वाचा परत आली. म्हणून ज्यांचं माणूस समुद्रात बेपत्ता होतं त्यांना मी सांगते, वाट पाहणं हा आजार आहे, शेवट मान्य करा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या वाडीतल्या शिवाची बायको माझ्या शेजारीच बसली होती. होडीसकट गेलेल्या नवऱ्याचा पुतळा तिने तुझ्याच सांगण्यावरून जाळला. ती रडत होती आणि मला म्हणाली, "काकी, तुमचा चेडू नाय, देवता आसा." मी शाल सारखी केली.

त्या आठ महिन्यांची हकीकत तुला अर्धीच माहीत आहे.

तुला घेऊन आल्या त्या विजयदुर्गच्या बदरुन्निसाबाई. ओसरीवर पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, "दत्ताराम भाई आम्ही निघालो तेव्हा हयात होते, कंपनीच्या चाव्या द्यायला मागे थांबले." मी मान डोलावली. पण लढाई संपली तरी तुझ्या बाबाचं पत्र नाही, आणि तू दारात बसून रस्त्याकडे बघायचीस. जेवण भरवावं लागायचं. म्हणून वैशाखात मी देवाला कौल लावायला गेले. गुरवाने पाषाणाला उजवे-डावे फुलांचे कळे लावले आणि म्हणाला, "वयनी, सवाल नीट घाल. देव इचारलंय तितक्याच सांगता."

मी विचारलं, "दत्ताराम आमच्या घराक परत येतलो काय?"

डावा कळा पडला. नाही.

मेला काय, असं मी विचारलंच नाही. परत येत नाही म्हणजे मेला, एवढंच मला कळलं. भटजी म्हणाले, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मी म्हटलं, देवाने सांगितल्यावर माणसाने कसलं थांबायचं? तुझे काका कचरत होते, त्यांनाही मीच तयार केलं. तुझा हात धरून पुतळ्याला लावला. तू ओढून घेत होतीस, मी सोडला नाही. पुतळा जळून गेल्यावर तू म्हणालीस, "काकी, भूक लागली." मला वाटलं, देव पावला.

नागपंचमीला तू मला पहिल्यांदा आई म्हणालीस. माझ्या लग्नाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती आणि वाडीत मला कुणी ओटीला बोलवत नसे.

चौथ्या दिवशी दत्तारामचं पत्र आलं.

इराकी शिपायांनी त्याला बसऱ्याला नेलं होतं, पाय मोडला होता, सुटून परत कुवेतला आला होता. लिहिलं होतं, गणपतीला येतो, गौरजेला सांगा बाबा येतायत. तुझे काका शाळेत शिकवायला गेले होते. ते येईपर्यंत पत्र चुलीत गेलं होतं.

मी आजवर स्वतःला सांगत आले की ते तुझ्यासाठी केलं. ज्याला अग्नी दिला तो दारात उभा राहिला तर तू पुन्हा मुकी होशील. देवाचा शब्द खोटा कसा पाडू? हे सगळं मी देवासमोरसुद्धा म्हटलंय. पण चुलीपाशी बसले होते तेव्हा यातलं काही मनात नव्हतं. तू मागच्या दारी कुणाला तरी सांगत होतीस, "माझ्या आईने वेणी घातली." तेवढंच ऐकू येत होतं.

मी त्याला उत्तर लिहिलं. गौरजा तापाने वाटेतच खंगली होती, इथे आल्यावर आठ दिवसांत गेली. तुम्ही बायकोमुलीला परमुलखात नेऊन मारलंत, तुमचे भाऊ तुमचं तोंड बघणार नाहीत, त्यांना पत्र घालू नका. त्याचं चार ओळींचं उत्तर आलं. अस्थी कुठे सोडल्या, एवढंच विचारलं होतं. मी लिहिलं, देवबागच्या संगमावर.

परत त्याने विचारलं नाही. आलाही नाही. तुझे काका भाऊ मेला असं समजूनच गेले.

तू दहावीला पहिली आलीस, मिरजेला डॉक्टर झालीस, वेड्यांची डॉक्टर म्हणून लोक हसले तेव्हा त्यांच्याशी मी भांडले. माझं काही चुकलं असेल तर देव हे यश देईल का, असं मला वाटायचं.

अठरा दिवसांपूर्वी कारवारजवळच्या एका वृद्धाश्रमातून पत्र आलं. दत्ताराम तिथे सहा वर्षं आहे. आता अंथरुणावर आहे, कुणी नातेवाईक असल्यास कळवा. अठरा दिवस मी ते तुझ्यापासून लपवलं. हेही तुला कळलेलं बरं.

परवा तिथल्या निलेश नावाच्या माणसाला फोन केला. त्याने फोन दत्तारामच्या कानाला लावला. मी म्हटलं, "दत्ताराम, मी इंदुवयनी. गौरजा जित्ती आसा रे. मोठी डॉक्टर झालीहा."

तो म्हणाला, "वयनी, तुमी देवाधर्माची बाई. ह्या वयात खोटा कित्याक बोलतास? माझ्या चेडवाक तुमी संगमार सोडलास, थंयच ऱ्हवांदे तिका."

मी शपथ घातली. तो म्हणाला, "तुमीच तर लिवलास." आणि फोन निलेशकडे दिला. निलेश म्हणाला, माझं ते जुनं पत्र त्याच्या उशीखाली आहे, आश्रमात सगळ्यांना ते ठाऊक आहे. मी म्हटलं, फाडून टाका ते. तो म्हणाला, "मावशी, एकदा धुवायला उशी काढली तर दोन दिवस जेवले नाहीत."

पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. डॉक्टर फार दिवस देत नाहीत म्हणतात. तू गेलीस तर तो तुला ओळखणार नाही, आणि ओळख सांगितलीस तर थट्टा करायला आलेली कुणी बाई समजेल. तुझ्या विद्येत यावर काही असेल तर कर. तू लोकांना शेवट मान्य करायला शिकवतेस. त्याला तो मी शिकवला, आणि त्याने चौतीस वर्षं मान्य केला.

उद्या एकादशी. क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, मला माहीत आहे, आणि ते मला घेता येणार नाही.

कारवारला जाताना इकडून वळू नकोस, एक दिवस वाया जाईल.

तुझी काकी,
इंदुमती विश्राम परुळेकर