शिडाची कच्ची शिवण

आई, त्या शिडाची शिवण मी कच्ची मारली होती, हे तुला कळलं होतं. मी मात्र तोंडाने कधी कबूल केलं नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कात्रपहून आपण दोघी उल्हासनगरला एका शेठकडे ताडपत्र्या शिवायला जायचो. नौदलाचं एक जुनं लाकडी जहाज होतं, नवी पोरं त्याच्यावर शिडं हाताळायला शिकायची. त्याच्या शिडाचं काम आलं तेव्हा शेठने तुलाच बोलावलं. "बाई, ये काम तुम्हारे ही हाथ का है." जाड कॅनव्हास, मेण लावलेला दोरा, कडेला दुहेरी शिवण. आठवडाभर तू धड जेवलीसुद्धा नाहीस.

शीड द्यायच्या आदल्या दिवशी तुला ताप भरला आणि उरलेली एक कड तू माझ्यावर सोपवलीस. मी तेवीस वर्षांची, पालेगावला मैत्रिणीचा साखरपुडा, साडी पिशवीत घेऊनच आलेली. चारेक हात मी एकेरीच शिवण मारली आणि वरून पट्टी बसवून टाकली. घरी तू अंथरुणातून विचारलंस, "दुहेरी घातलीस ना गं?"

"हो, किती विचारशील!"

काही महिन्यांनी एक अधिकारी फाटका तुकडा घेऊन आले. भर वाऱ्यात शीड तिथेच उसवलं होतं, सुटलेल्या कडेचा तडाखा बसून एक मुलगा डेकवर पडला होता. खुब्याचं हाड मोडलं. नौदल सुटलं त्याचं. तू तुकडा हातात घेतेस, अंगठ्याने शिवण चाचपतेस, एकदाच माझ्याकडे बघतेस. "साहेब, माझ्याच हातून झालं. तापात होते." मी शेजारी उभी.

त्या संध्याकाळी बोलणी खायच्या तयारीने मी स्वयंपाकघरात उभी राहिले. तू एवढंच म्हणालीस, "आमटीत मीठ बघ जरा." शेठने तुला पुन्हा मोठं काम दिलं नाही. तू पोत्यांची तोंडं शिवत राहिलीस.

नव्वदच्या दशकात, अंबरनाथच्या दवाखान्यात, दम्याने बोलवत नसताना तू माझं मनगट धरलंस. "तो मुलगा... एकदा जाऊन त्याला..."

"बोलू नकोस, दम लागतो तुला," मी घाईने म्हटलं. नर्स म्हणाली, मुलगी किती जपते! तेही मी ऐकून घेतलं.

हे लिहून झालं की फाडून टाकीन. त्या मुलाला शोधायला मी अजून गेलेली नाही. आणि आई, तेव्हा तुला गप्प केलं, ते तुझ्या दम्यासाठी नव्हतं.