कटरचा रंग

अहो,

चहा नंतर घ्या, आधी हे वाचा. गिअरचे दाते पाडायला तुम्ही घरी बनवलेला तो नवा कटर मशीनला लावू नका.

कडक केलेलं पोलाद पिवळं दिसेपर्यंत तापवलं की त्याचा ठिसूळपणा जातो, हे तुम्हीच सांगता; पण मोतीबिंदूमुळे तुम्हाला रंग नीट कळत नाही, म्हणून काल ओव्हनपाशी मला उभं केलंत. "पिवळा झाला," असं मी सांगितलं, ते खोटं होतं. आपली जुंपली होती ना, त्या रागात मी आत डोकावलेसुद्धा नाही. पोलाद अजून काचेसारखं ठिसूळ असणार; पहिल्याच दातावर फुटेल आणि तुकडे थेट तोंडावर येतील.

तुम्हाला उठवून हे सांगायची हिंमत झाली नाही, तशीच ड्यूटीवर निघाले. मशीनचा फ्यूज माझ्या पर्समध्ये आहे. संध्याकाळी हवे तेवढे डोळे वटारा. ते शाबूत असले म्हणजे झालं.