चार रेघांची बाटली

के. आर. पुरम, बेंगळुरू
रविवार, २ मार्च २०२५

आज सुट्टी. साडेसहाला उठलो. कपडे धुऊन वाळत घातले. दुपारी जेवून आडवा झालो तो पाचला जाग आली, तरी अंग उठेना. दिवसभरात एवढंच झालं.

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या कानातल्या यंत्रातून माझं बोलणं शिट्टीसारखं ऐकू येतं म्हणून आपली पत्रं पुन्हा सुरू झाली, हे एका अर्थी बरंच झालं. फोनवर मला काय बोलावं सुचत नाही.

शुभदाला जाऊन चार महिने झाले. मी रडतो का, असं तू विचारलंस. रडत नाही, दमतो. मेट्रोचा जिना चढलो की फलाटावरच्या बाकावर बसतो आणि एखादी गाडी सोडून देतो. पोटऱ्यांत गोळे येतात. उभं राहिलं की क्षणभर अंधारतं. शुभदाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचो, फॅक्टरी सांभाळायचो, स्वयंपाक करायचो, तेव्हा असं नव्हतं. आता करायला काही नाही आणि मी दमलेला असतो.

कारखान्यात माझं काम तयार भाग मोजून पास करण्याचं. गेल्या आठवड्यात मी एक अख्खी पेटी चुकीची पास केली. शेजारच्या टेबलावरचे चंदन, नागपूरचे, दोन मुलींचे वडील, त्यांच्या लक्षात आलं म्हणून ती बाहेर गेली नाही. तेवीस वर्षांत असं घडलं नव्हतं. साहेबांनी ३१ मार्चपर्यंत मुदत दिली आहे. तब्येत सुधारली तर ठीक, नाहीतर निवृत्ती घ्यावी असं ते चांगल्या शब्दांत म्हणाले. मी राजीनामा लिहून ठेवला आहे, फक्त तारीख घातलेली नाही. हे घर सोडून निपाणीला यावं असं मनात आहे. मागची खोली रिकामी आहे असं तू म्हणाली होतीस.

डॉक्टरांना दाखवलं. रक्त चांगलं आहे, साखर नाही. खाणंपिणं कसं आहे, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सगळं वेळेवर आणि मोजून. ते खूश झाले.

लोक काय काय आणून देतात. चंदन यांनी पाण्यात घालायच्या पुड्या दिल्या. खालच्या मजल्यावरच्या सौम्या यांनी सारू, म्हणजे आपलं सार, दिलं, पण त्यात मीठ फार. हल्ली सगळ्यांच्याच हातून मीठ जास्त पडतं.

श्रीविद्याला आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझा,
उल्हास

*

निपाणी
शुक्रवार, ७ मार्च २०२५

चि. उल्हास यास,
अ. उ. आशीर्वाद.

तू येणार म्हटल्यावर मी काय केलं असेल? त्याच दिवशी मागच्या खोलीतल्या गोण्या काढल्या आणि रंगाऱ्याला बोलावलं. फिकट निळा सांगितला आहे. श्रीविद्या म्हणाली, अत्ते, त्यांनी अजून तारीखसुद्धा घातलेली नाही. सुनेने सासूला शहाणपण शिकवायचे दिवस आलेत.

पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला चैन पडेना. शोकाने माणूस दमतो, हे मला नवीन नाही. तुझे भाऊजी गेले तेव्हा मी वर्षभर भाकरी थापताना मध्येच थांबत होते. पण पोटऱ्यांत गोळे आले नव्हते आणि उभं राहिल्यावर अंधारलं नव्हतं. हे दुःखाचं दुखणं वाटत नाही मला. चौतीस वर्षं मी वर्गात पोरांचे चेहरे बघितलेत. फळ्यावर लिहिता लिहिता कोण न खाता आलंय, ते पाठीमागून कळायचं.

तुमच्या फॅक्टरीत माल बिघडला की तुम्ही काय शोधता? आधीपेक्षा काय बदललं, हेच ना? मग तेच शोध. खाली प्रश्न देते. परीक्षेत द्यायचास तशी एका ओळीची उत्तरं देऊ नकोस. त्यापायी भूगोलात तुझे गुण जायचे.

सकाळपासून निजेपर्यंत तोंडात काय काय जातं? घोट अन् घासासकट सांग. ते पदार्थ करतोस कसे? चंदनच्या पुड्यांचं काय केलंस? आणि मुख्य म्हणजे, शुभदा होती तेव्हापेक्षा आता काय वेगळं आहे?

लाजू नकोस. घरात दुसरं कुणी विचारणारं नाही म्हणून मी विचारते.

उत्तराची वाट बघणारी,
तुझी अक्का

*

के. आर. पुरम
बुधवार, १२ मार्च २०२५

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

काल मंगळवार होता. कालच्या दिवसाचं लिहितो, म्हणजे अंदाजाने लिहिल्यासारखं होणार नाही.

सकाळी अर्धा कप चहा. बिनमिठाचा उपमा, एक वाटी. दोन अंड्यांचा पांढरा भाग. डब्यात दोन चपात्या, त्याही बिनमिठाच्या, आणि दुधी. भाजी आधी बारीक चिरून दोन तास कोमट पाण्यात ठेवतो, ते पाणी टाकतो, मग पुन्हा भरपूर पाण्यात उकळतो, तेही पाणी टाकतो, मग फोडणीला घालतो. संध्याकाळी अर्धा कप चहा, दोन बिस्किटं. रात्री पेज काढलेला भात आणि उरलेली भाजी. टोमॅटो, बटाटा, केळं, ताक, लोणचं, पापड काही नाही.

पाण्याला अर्ध्या लिटरची बाटली आहे. तिच्यावर नेलपॉलिशच्या चार लाल रेघा आहेत. एक सकाळची, एक जेवणाची, एक दुपारची आणि शेवटची रात्रीची. रात्रीची कधी कधी उरतेसुद्धा.

चंदन यांच्या पुडीवर लिहिलं होतं की एक लिटर पाण्यात घालावी. एक लिटर म्हणजे दोन दिवसांचं झालं. म्हणून एका लहान पेल्यात कालवली. इतकी खारट लागली की ओतून दिली. त्यांनी विचारलं तेव्हा बरं वाटतंय म्हणालो. एवढी काळजीने दिली होती.

आता शेवटचा प्रश्न. मी नीट विचार केला. काहीच बदललेलं नाही, अक्का. सहा वर्षं स्वयंपाक जसा होता तसाच आहे, चमच्याचासुद्धा फरक नाही. मोजमाप माझ्या हातात बसलेलं आहे. फक्त डायलिसिस सेंटरला जाणं तेवढं बंद झालं. तो तर त्रासच होता. ती आत चार तास असायची आणि मी खाली.

खोली निळी केलीस ते छान. मुदतीला एकोणीस दिवस राहिले.

तुझ्या आशीर्वादाचा आधार आहे.

तुझा,
उल्हास

*

निपाणी
सोमवार, १७ मार्च २०२५

चि. उल्हास यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मी श्रीविद्याला मोठ्याने वाचून दाखवत होते. दोनदा उकळून पाणी टाकण्यापर्यंत आले आणि तिने हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली. पोळी करपली.

उल्हास, हे तुझं जेवण नव्हे. हे शुभदाचं पथ्य आहे.

तिच्या मूत्रपिंडाला पेलत नव्हतं म्हणून तिला पाणी मोजून, मीठ तोडून आणि भाजीतला क्षार उकळून काढून द्यावा लागत होता. तुझी मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, आणि तू मार्चच्या उन्हात बेंगळुरूत अर्ध्या लिटरवर दिवस काढतोस! डॉक्टरांना मोजून खातो म्हणालास. ते बिचारे काय समजणार? आधी मला हसू आलं. मग मी मागच्या खोलीत जाऊन बसले.

एक कबूल करते. हे पत्र मी एक दिवस उशिरा टाकते आहे. रंग वाळला होता, खिडकीला पडदा लावून झाला होता. वाटलं, गप्प बसावं. एकतीस तारीख उलटू द्यावी, भाऊ घरी येईल, मग चार दिवसांत ताक-भाकरीने उभा करीन आणि माझ्यामुळे बरा झाला म्हणून गावभर सांगीन. रात्रभर हा विचार गोड लागला. सकाळी लागेना. तुला यायचं तर ये, पण नीट पाणी पिऊन, धडधाकट माणसासारखा विचार करून ये. तहानेपायी घर मोडू नकोस.

आता ऐक. पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जा आणि हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. ते सांगतील तसं पाणी वाढव. चेव आल्यासारखा एकदम तांब्या तोंडाला लावू नकोस. भाजीचं पाणी टाकणं बंद. वरण, ताक, नाचणीची आंबील, केळं, सगळं स्वल्प स्वल्प सुरू कर. चंदनची पुडी लागलीच तर ती लिटरभरातच घालायची असते, येड्या.

तरी माझा एक प्रश्न उरला होता. पथ्य सहा वर्षांचं आणि दमणूक चार महिन्यांची, असं कसं? त्याचं उत्तर माझ्याच पेटीत होतं. गेल्या श्रावणातलं शुभदाचं पत्र. सोबत ठेवलं आहे, पण पाकिटात चुरगळलं तर वाचता यावं म्हणून त्यातला भाग इथेही उतरवते.

"वन्सं, हे माझ्याबरोबर मोजूनच पितात. आमच्या दोघांच्या बाटल्यांना मीच रेघा मारल्या, गंमत म्हणून. यांनी ती गंमत मनावर घेतली. पण मी आत असते त्या चार तासांत हे खाली जाऊन कँटीनमध्ये जेवतात आणि कल्लाप्पाकडे शहाळं पितात. यांना वाटतं मला ठाऊक नाही. शर्टावर डाग असतो. मी कल्लाप्पाला गुपचूप विचारून खात्री करून घेते. तेवढं एक कळलं की माझे चार तास बरे जातात."

शहाळं बंद झालं आणि पथ्य तेवढं राहिलं. एवढंच बदललं होतं.

तुला जपून असलेली,
अक्का

*

के. आर. पुरम
रविवार, ३० मार्च २०२५

आज पाडवा. दुखवट्याचं वर्ष म्हणून गुढी उभारली नाही. सकाळी खाली जाऊन सौम्या यांच्याकडून कडुनिंब आणि गूळ घेतला. वरण-भात केला. वरणात मीठ घातलं. दुपारी झोपलो नाही.

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वीस तारखेला मिळालं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतलं, कारण ते हुबळीचे, मराठी येतं त्यांना. तुला नमस्कार सांगितला आहे. रक्त पुन्हा तपासलं आणि पाणी दर दोन दिवसांनी थोडं थोडं वाढवायला सांगितलं. पहिले दोन दिवस डोकं जड होतं. पाचव्या दिवशी जिना चढून थेट गाडीत शिरलो आणि बाकाची आठवण व्हाइटफील्डला उतरल्यावर आली. मी अगदी पूर्वीसारखा झालो असं नाही. सकाळी उठल्यावर पहिली काही मिनिटं जड जातातच. पण ते वेगळं आहे, आता दोन्ही वेगवेगळं ओळखता येतं.

मी तपासणीचं काम करतो आणि मला हे दिसलं नाही, याचं मला फार नवल वाटलं. चंदन यांना सांगितलं. ते म्हणाले, तुमचं माप बरोबर होतं, ड्रॉइंग दुसऱ्या भागाचं होतं. मग आम्ही दोघं हसलो. त्यांना पुडीचंही खरं सांगून टाकलं.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती, कुणालाच नाही. त्या दिवशी शुभदाला आत त्रास सुरू झाला तेव्हा मी खाली शहाळं पीत होतो. वरून माणूस बोलवायला आला. मी पोचलो तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. त्यानंतर मला ते घशाखाली उतरलं नसतं. पण मी तसं ठरवून सोडलं नव्हतं. कुणी दिलं नाही, मी मागितलं नाही. बाटली भरत राहिलो. हात आपोआप जायचा.

तिचं पत्र आल्यापासून खिशात होतं. काल शनिवारी अर्धा दिवस होता, म्हणून सेंटरच्या रस्त्याला गेलो. कल्लाप्पाची गाडी तिथेच आहे. त्याने मला ओळखलं. ढिगातली दोन-तीन शहाळी वाजवून पाहिली आणि एक निवडलं. मलईवालं नको असं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, ठाऊक आहे अण्णा, मलईने तुम्हाला खोकला होतो, अम्मांनी बजावून ठेवलं आहे.

मी उभ्याने सगळं प्यालो.

राजीनाम्याचा कागद फाडला. उद्या साहेबांना भेटून तसं सांगेन. त्यांनी दिलेली मुदत वाया गेली नाही, एवढं त्यांनाही बरं वाटेल. निळ्या खोलीचं वाईट वाटतं. मे महिन्यात पंधरा दिवस येतो, तोपर्यंत पडदा काढू नकोस. तू एक दिवस पत्र थांबवलंस हे वाचून मला राग आला नाही. मला कुणी ठेवून घेऊ पाहतं, हे चार महिन्यांत मी विसरलो होतो.

शुभदाचं पत्र माझ्याकडेच राहिलं तर चालेल का, असं विचारायचं होतं.

तिच्यासाठी म्हणून गॅलरीत पालथा घातलेला माठ आज सरळ केला. गार पाणी समोर नको म्हणून सहा वर्षं तो तसाच होता. दिवसभर भिजवून ठेवला आहे.

श्रीविद्याला आशीर्वाद. करपलेल्या पोळीबद्दल मी दिलगीर आहे. तुझा राग-लोभ दोन्ही असू दे.

तुझा,
उल्हास

ता. क. माठ भरला. पहिलं पाणी मातकट लागलं, ते तुळशीला घातलं आणि पुन्हा भरला. पाकीट चिकटवायच्या आधी एक पेला प्यालो. दुसरा भरून घेतला आहे.