दर डोक्याला नवं पातं

३ ऑगस्ट
ती. मामांस सा. न. वि. वि.

मी जीवरसायन सोडून मेंदूच्या प्रयोगशाळेत आले, हे आईने सांगितलंच असेल. दोन वर्षं उंदरांची यकृतं वाटून प्रथिनं मोजली. पण सगळं वाटल्यावर कोण कुठे होतं ते कळतच नाही हो! इथे वाटायचं नाही, कापायचं. मेंदूचे केसाइतके पातळ काप हवेत आणि माझ्या निघतात चिंध्या. महिनाअखेर एक अखंड काप निघाला नाही, तर मॅडम मला परत पाठवणार. रोज रडू येतं.
चिंध्यांसकट लोभ ठेवावा.
भिंगरी

८ ऑगस्ट
चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझी आई म्हणते, पोरीचं डोकं फिरलं. मी म्हटलं, फिरलं नाही, माझ्याच धंद्यात आलं. आता खरं सांग, एका पात्यावर किती डोकी उरकतेस? तुझा चिकटपणा मला ठाऊक आहे. दर डोक्याला नवं पातं. नव्या पात्याला तेल असतं, ते पुसून घे. दाबू नकोस, आणि गिऱ्हाईक उंदीर असला तरी घाई नको. रडणं पुरे.
लोभ आहेच, दाढीसारखा रोज वाढतो.
मामा

१९ ऑगस्ट
ती. मामांस सा. न.

निघाला, मामा, अख्खा निघाला! एका पात्यावर अकरा डोकी करत होते, कसं ओळखलंत? मॅडमनी विचारलं, कोणी शिकवलं. मी म्हटलं, मामांनी, ते चाळीस वर्षं डोक्यांवर काम करतात. त्यांना वाटलं, तुम्ही मेंदूचे सर्जन! तीस तारखेला तुमचं व्याख्यान ठेवलंय आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली. आता खरं सांगितलं तर खोटारडी म्हणून हाकलतील. तुम्ही जरा आजारी पडाल का, प्लीज?
लोभ असेल तर खोकला काढावा.
भिंगरी

२३ ऑगस्ट
चि. भिंगरीस आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. दुकानाची लाज वाटते की काय गं तुला? वाईट वाटलं मला. मॅडमना मीच पत्र टाकलंय की माझं दाढी-कटिंगचं दुकान आहे. काम आपलं एकच, फक्त माझी डोकी उठून घरी जातात. आणि भाची घाबरट आहे, लबाड नाही.
लोभ तेवढाच आहे, पण आज जरा फुगून बसलाय.
मामा

२७ ऑगस्ट
ती. मामांस सा. न.

चुकले, मामा. मॅडमनी तुमचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं आणि हसून हसून खुर्चीत बसल्या. मग मला उभं करून विचारलं, मामा काय करतात. मी मोठ्याने सांगितलं, आवाज जरासुद्धा कापला नाही. माझी जागा पक्की! व्याख्यान तीसलाच आहे. साहित्य घेऊन या, मुलांनी दाढ्या वाढवून ठेवल्यात. अकरा जण आहेत. पाती अकरा आणा, एकही कमी नको.
लोभाचा फुगा फुटला असेल तर कळवावं.
तुमच्या दुकानाची भाची,
भिंगरी