दहावी जागा

दि. ९ ऑगस्ट

दादास,

नमस्कार. इकडे सर्व ठीक. तिकडे सर्व ठीक नाही, हे वहिनीच्या अर्जावरून कळलं. तुझ्या पोरीच्या मेंदूत रक्तस्राव झाला त्याला आठ महिने झाले, हेही त्या अर्जातूनच कळलं. सतरा वर्षांच्या मुलीवर ही वेळ यावी याचं मला वाईट वाटतं. तिच्याबद्दल वाईट वाटतं. तुझ्याबद्दल काय वाटतं, त्यासाठी हे पत्र आहे.

अर्ज वहिनीच्या अक्षरात आहे आणि खाली सही तुझी. आमच्या वर्गाचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं असेल ते असो. अपंग माणसाच्या घरच्यांना शिकवणारा हा वर्ग आम्ही दोघी बहिणींनी काढला, मी आणि चिमीने. छापखान्याच्या मागच्या दोन खोल्या, दहा खुर्च्या, सहा शनिवार. माणसाला पलंगावरून उचलायचं कसं, भरवायचं कसं, त्याचं म्हणणं ऐकायचं कसं, हे आम्ही शिकवतो. आई येतात, नवरे येतात, एकदा एक पंच्याहत्तर वर्षांचे आजोबा नातवासाठी आले आणि पहिल्या रांगेत बसून वहीत सगळं उतरवून घेत राहिले. इतकी वर्षं या लोकांना कुणी काही शिकवलं नव्हतं. दवाखान्याच्या दारात आजारी माणूस त्यांच्या हातात द्यायचा आणि "काळजी घ्या" म्हणायचं, एवढंच. काळजी कशी घ्यायची असते, हे कोणाच्या बापाला ठाऊक होतं? म्हणून हा वर्ग.

वहिनी लिहिते: "हे तिला मान मागे टेकवून भरवतात. दोनदा अन्न फुप्फुसात गेलं. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदा गेलं तर कठीण आहे. कोणी तिला काही विचारलं की हेच उत्तर देतात. ती डोळे मिटून घेते." हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि हसले. दादा, मी खरंच हसले. वकील झालास, पण सवय गेली नाही. समोरच्याचं तोंड उघडण्याआधी त्याचं म्हणणं तुला पाठ असतं.

आई गेली तेव्हा तू आला होतास. चप्पलसुद्धा काढली नाहीस. चिमी तिच्या चाकांच्या खुर्चीत समोर बसली होती आणि तिच्या डोक्यावरून तू मला विचारलंस, "ही अजून तशीच का?" तिला कान आहेत, दादा. हातपाय आणि वाचा धड नाहीत, पण तेवढे तरी पहिल्या दिवसापासून धड आहेत.

आणि तो दिवस. मी दर वर्गाच्या उद्घाटनाला त्या दिवसाबद्दल बोलते, तुझं नाव न घेता. तुझं लग्न ठरवायला माणसं आली होती. चिमी अठराची, मी एकवीस. "हिला आत ने, ओरडली तर संपलंच सगळं," असं तू मला दातओठ खाऊन म्हणालास. मागच्या खोलीला बाहेरून कडी लागली. चहापाणी झालं, सगळे पाहुण्यांबरोबर लग्नाचं कार्यालय बघायला निघून गेले. चार तास. चिमी खुर्चीतून पडली आणि तिचा उजवा कोपर मोडला. तो हात जमिनीखाली दबून ती तशीच पडून राहिली. कोपर आजही वाकडा आहे. सभागृहात हे सांगते तेव्हा बायका डोळे पुसतात, पुरुष बुटांकडे बघतात. चिमी माझ्या शेजारी बसलेली असते. तिचा वाकडा हात मी हळूच वर उचलून दाखवते.

अशा भावाला मी माझ्या खोलीत बसवू? माझा चमचा त्याच्या हातात देऊ?

या वर्गाच्या नऊ जागा भरल्या. दहावी रिकामी आहे आणि ती रिकामीच राहील. पुढचा वर्ग सहा महिन्यांनी. पोरीला भरवायचं कसं ते आम्ही इथे शिकवतो, पत्रातून शिकवत नाही. तुझा अर्ज मी चिमीला दाखवलेला नाही. एरवी अर्ज तीच निवडते, पण उगाच तिला मनस्ताप कशाला? तो माझ्या पर्समध्ये आहे आणि तिथे त्याला काही त्रास नाही.

लहानपणी तू मला 'तोफ' म्हणायचास. एवढ्या वर्षांनी तोंड तुझ्याकडे वळलंय, इतकंच.

नकार कळवणारी,
तुझी बहीण


दि. १७ ऑगस्ट

दादा,

पुढचं काही वाचण्याआधी हे कर. पोरीला सरळ बसव. मान मागे नको. हनुवटी किंचित छातीकडे, जणू ती मांडीवरचं पुस्तक वाचतेय. उथळ चमचा घे, अर्धाच भर, समोरून आण, वरून नको. गिळल्याची खात्री होईपर्यंत दुसरा घास उचलू नकोस आणि त्या वेळात बोलू नकोस. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नकोस. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना विचारून थोडं दाट करून दे. खोकला वाढला किंवा ताप आला तर तसंच तडक दवाखान्यात ने.

ही एवढी वाक्यं मी आठ दिवसांपूर्वीही लिहू शकले असते. पोरीचा जीव टांगणीला आहे हे मला ठाऊक होतं आणि मी लिहिली नाहीत. चिमी म्हणाली, "पत्र याच वाक्यांनी सुरू कर." म्हणून केलं.

आता काय झालं ते.

बुधवारी वहिनीचा कार्यालयात फोन आला. तो आमच्या टंकलेखिका बाईंनी घेतला. बाई सरळ माणूस. चिमीसमोरच मला म्हणाल्या, "ताई, तुमच्या पर्समध्ये एक अर्ज राहिलाय म्हणे." मी म्हटलं, "बघते नंतर." चिमीने टेबलावर मूठ आपटली. बाईंनी माझ्या हातातून पर्सच काढून घेतली आणि अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. "मान मागे टेकवून" या ओळीला चिमीच्या घशातून जो आवाज निघाला, तो मी सव्वीस वर्षांपूर्वी दाराबाहेरून ऐकला होता.

तुला तिची अक्षरपाटी माहीत नाही. माहीत असायला यावं लागतं. लाकडी फळीवर अक्षरं रंगवलेली आहेत, खाली मात्रांची ओळ. चौदा वर्षांपूर्वी एका वाचा-शिक्षिकेने तिला ती दिली. चिमी डाव्या हाताच्या बोटाच्या सांध्याने एकेक अक्षर ठोकते आणि पाटी धरणाऱ्याने ते मोठ्याने वाचायचं. अंदाज करायचा नाही. शब्द आपण पुरा केला की ती पाटीवर हात फिरवते आणि पहिल्यापासून सुरू करते. नवे लोक याच चुकीने रडकुंडीला येतात. मी तर चौदा वर्षांत सुधारले नाही. मी भाषणाचं माणूस, मला दोन अक्षरांत परिच्छेद दिसतो. "तोफ, गप," हे तिचं नेहमीचं वाक्य. ते मात्र मी न चुकता पुरं वाचते.

रविवारी उद्घाटन होतं. साठेक माणसं. पाहुण्या म्हणून डॉक्टरीणबाई. माझी बोलायची वेळ आली, मी पदर खोचून उभी राहिले, तर चिमीने पाटी माझ्याकडे ढकलली. तिला बोलायचं होतं. मी खूश. मला वाटलं, दहा शब्दांचं स्वागत करेल.

तिने ठोकायला सुरुवात केली. मी वाचत गेले. "त्या. दिवशी. दादा. म्हणाला. आत. ने." मी पुढे घाईने म्हटलं, "आणि कडी लावली." तिने हात फिरवला. पुन्हा पहिल्यापासून. "त्या. दिवशी. दादा. म्हणाला. आत. ने. तो. पाहुण्यांकडे. गेला. कडी."

मी थांबले. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "वाचा ना, काय म्हणतायत त्या?"

"कडी. हिने. लावली."

माझ्याच आवाजात, दादा. जो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो म्हणून मला सगळीकडे बोलावतात, त्याच आवाजात. एका वाक्याला किती वेळ लागला असेल? मला तर वर्ष लागलं. ती थांबली नाही. मला त्या दुपारी वक्तृत्व स्पर्धेला जायचं होतं. चिमीने माझी साडी मुठीत धरली होती, सोडत नव्हती. मी एकेक बोट सोडवलं, बाहेर आले, कडी घातली आणि धावत गेले. हे सगळं तिने सांगितलं आणि मी वाचलं. विषय होता 'व्यक्तीचं स्वातंत्र्य'. पहिलं बक्षीस मिळालं. तेसुद्धा तिने सोडलं नाही.

पहिल्या रांगेत ते वहीवाले आजोबा होते. आता ते नव्या लोकांना मदत करायला येतात. त्यांनी चष्मा वर केला, वहीची मागची पानं चाळली आणि म्हणाले, "बाई, मागच्या वर्षी तर भावानं लावली होती."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, हसावं कुणीतरी.

सव्वीस वर्षांपूर्वी, त्या दिवशी संध्याकाळी आईने विचारलं होतं, "कडी कोणी लावली?" चिमीकडे बघून विचारलं होतं. तिच्या तोंडून नुसता आवाज आला आणि मी तिच्या वतीने उत्तर दिलं: "दादाने." तू समोर होतास. एक शब्द बोलला नाहीस. तेव्हा मला वाटलं, तू भ्यालास. आता वाटतं, गडबडीत आपणच लावली असेल असं तुला वाटलं असणार. ती खात्री मी तुला दिली. आई तुझ्या लग्नाला आली नाही ती त्या एका शब्दामुळे.

घरी आल्यावर मी चिमीला विचारलं, "चौदा वर्षं पाटी आहे तुझ्याकडे. मग इतके दिवस गप्प का राहिलीस?"

तिने ठोकलं: "तू कधी थांबलीस?"

मग मी विचारलं, "माफ केलंस का?" बघ, अजून मला तेच हवं होतं. एक टाळीचं वाक्य.

"नाही," ती म्हणाली. "तुझं झालं. आता त्याचा नंबर."

म्हणून दादा, दहावी जागा तुझी. चिमीने निवड केली आहे आणि ती दयेने केलेली नाही, हे नीट समजून घे. कडी माझी होती. पण सव्वीस वर्षांत एकदा तरी तिच्याशी बोलायला येता आलं असतं, ते न येणं तुझं स्वतःचं आहे. "ही अजून तशीच का?" हेही तुझंच. त्यात माझा वाटा नाही आणि मी घेणारही नाही. माझा राग गेला असं समजू नकोस. त्याला खोटा आधार होता तो निघाला, आता तो स्वतःच्या पायावर उभा आहे.

शनिवारी सकाळी नऊला ये. वहिनीला आण, पोरीलाही आण. दाराशी उतरण आहे, खुर्ची सरळ आत येते. पहिल्या तासाला शिकणाऱ्याने खुर्चीत बसायचं असतं, हात मांडीवर बांधून, तोंड मिटून. दुसरा कुणीतरी त्याला कोमट, मऊ केलेलं अन्न भरवतो आणि भरवताना फोनवर तिसऱ्याशीच बोलत राहतो. बहुतेकांना दहा मिनिटांत रडू येतं. तुला भरवायला चिमीने माझी नेमणूक केली आहे. मी सौजन्याने वागेन असं वचन देत नाही.

दुसऱ्या तासाला हात सोडतात. मग चिमी बोलते. पाटी तू धरायचीस. ती काय सांगणार आहे ते मला माहीत नाही. विचारलं की हसते आणि भिंतीकडे बघते. दोन दिवस ती मनात काहीतरी जुळवते आहे, बोट मांडीवर हळूहळू ठोकत असते. वाक्य बरंच लांब दिसतंय. तुझी पोर समोर बसलेली असेल. तुझ्या तोंडून ते तीही ऐकेल. मध्ये शब्द पुरा करू नकोस, नाहीतर पहिल्यापासून.

येताना घोटभर पाणी पिऊन ये. आवाज लागेल.

तुझ्याआधी ती पाटी धरून उभी राहिलेली,
तुझी धाकटी बहीण