सुरी पोचेल तिथवरच

अब्बा,

तुमच्या नातवाने हरीण मारलं. लगेच दाढीवरून हात फिरवू नका, आधी सगळं ऐकून घ्या. मारलं ते अमेरिकेत, पैसे भरून, खुर्चीत बसून. परवा मस्कतमधल्या अल खौदच्या त्याच्या घरी त्याने त्या पराक्रमाची मेजवानी केली आणि चारचौघांत तुमचा विषय निघाला. त्याने मला तुमच्याबद्दल एक प्रश्न विचारला, मी त्याचं उत्तर दिलं. ते उत्तर अजून माझ्या घशाखाली उतरत नाही, म्हणून इथे रुवी भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये कपड्यांचं मशीन लावून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही हे मशीनही पाहिलेलं नाही. तेव्हा बाकीचं समजावून सांगायला थोडा वेळ लागेल.

तिथे अमेरिकेत एक मोठं रान असतं, म्हणजे त्याला रान म्हणायचं. चारी बाजूंनी उंच जाळी आणि आत आपल्या देशातली चितळं, कुणीतरी फार पूर्वी बोटीतून नेलेली. झाडांमध्ये मक्याने भरलेलं एक पिंप टांगलेलं असतं. ठरल्या वेळी त्याची मोटर घरघरते आणि मका खाली उडतो. अम्माने पडवीतून हाक दिली की आपल्या कोंबड्या धावायच्या, तशी ती हरणं मोटरच्या आवाजाला धावत येतात. झाडाला कॅमेरा बांधलेला असतो, तो फोटो काढून थेट फोनवर पाठवतो. हा मुलगा इथे मस्कतमध्ये जेवणाच्या ताटावर बसून कित्येक महिने त्या हरणांचे फोटो न्याहाळत होता. कुठल्याची शिंगं भरली, कुठल्याची अजून भरायची आहेत, यावर मित्रांशी खल चालायचा. त्याच्यासाठी मुली बघायला गेलो तेव्हासुद्धा त्याने इतकं निरखून पाहिलं नव्हतं. शेवटी एक हरीण पसंत पडलं. मग साहेब विमानाने गेले आणि खांबांवर उभारलेल्या लाकडी खोलीत बसले. खोलीला काचेची खिडकी, आत हीटर, हातात कॉफी. बंदुकीवरची दुर्बीण स्वतःच अंतर मोजते, वारा किती आणि कुठून आहे तेही सांगते. सगळं बंदुकीलाच कळतं, माणसाचं फक्त बोट लागतं. मी त्याला म्हटलं, बाळा, याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. तो हसला. त्याचं मराठी इंडियन स्कूलमधलं, त्यामुळे त्याला यातला नुसता उंट कळला असावा.

हे एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. त्याचा पैसा, त्याची हौस. या वयात कुणी गोल्फ खेळतो, कुणी वाळूत गाड्या उडवतो. पण हा ज्याला त्याला सांगत सुटला की शिकार आपल्या रक्तातच आहे, आपले नाना, म्हणजे तुम्ही, मोठे शिकारी होते. हरणाची शिंगं अजून तिकडच्या कारागिराकडे आहेत, कागदपत्रं होतील तेव्हा येतील. त्यांच्यासाठी हॉलच्या भिंतीवर जागा सोडली आहे आणि त्या रिकाम्या भिंतीशेजारी तुमचा फोटो आधीच लावला आहे. तोच, एकनळी बंदूक खांद्याला लावलेला, लुंगी वर खोचलेला, ज्यात तुमचे डोळे मिटलेत. तो मोठा करून, सोनेरी चौकटीत. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण या नागोबाला बिळाबरोबर बापजाद्यांचं नावही हवं होतं.

तुमची शिकार मी कधी पाहिली नाही. मुलींना कोण नेणार. मला शिकार कळली ती मागीलदारी, मटण धुताना. शेतराखणीच्या परवान्यावर मिळालेली तुमची बंदूक, एकदा बार काढला की दुसरा भरेपर्यंत रान रिकामं. हाकेवाले जनावर उठवत, ओरडत खालून वर यायचे आणि तुम्ही भेकराच्या वाटेवर श्वास धरून बसलेले असायचे. बहुतेक वेळा तुम्ही हात हलवत परत यायचात आणि अम्मा सुकटीची कढी टाकायची. पण मिळालं की तुमच्या पिंढऱ्या करवंदीच्या काट्यांनी ओरबाडून निघालेल्या असायच्या, कारण बार लागला रे लागला की तुम्ही सुरी काढून अनवाणी धावत सुटायचात. जनावर जिवंत असताना गळ्यावर सुरी फिरली तरच ते हलाल, नाहीतर ते मुर्दार, टाकून द्यायचं. म्हणून तुम्ही लांबचा बार कधी टाकायचा नाहीत. तुमच्या चुलतभावाने एकदा दरीपलीकडचं सांबर सोडल्याबद्दल तुम्हाला भित्रा म्हटलं, तेव्हा तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "जितं सुरी पोचंल तितंच बार." पुन्हा तो विषय घरात कुणी काढला नाही. अम्मा तुमच्या काट्यांना सुई लावायच्या आधी जनावराची मान बघायची. चिरेभोवतीचे केस रक्ताने चिकटलेले असले, म्हणजे सुरी जिवंतपणी फिरली, की तिचं समाधान व्हायचं. मग वाटे पडायचे. हाकेवाल्यांना, आजारी म्हणून न आलेल्याला, ज्याच्या शेतातून जनावर उठलं त्याला, कुत्र्यांनासुद्धा. आपल्या टोपात येईपर्यंत फार काही उरायचं नाही, आणि तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

आणि बत्तीवाल्यांना तुम्ही किती शिव्या द्यायचात. जीपच्या बॅटरीला दिवा लावून जनावराचे डोळे दिपवणारे लोक. तुम्ही म्हणायचात, ही शिकार नाही, ही चोरी आहे, आणि चोरीसुद्धा झोपलेल्या घरातली. मी हे सगळं ऐकत वाढले. आज मला जे कुणाचं काही पटत नाही, ती तुमचीच देणगी आहे.

तर परवाची मेजवानी. मारलेल्या हरणाचं मटण काही इथे आलं नव्हतं, म्हणून त्याने हायपरमार्केटमधून हरणाचं फ्रोझन मटण आणलं, न्यूझीलंडचं, हलालचा शिक्का असलेलं. मला म्हणाला, मम्मी, नानांच्या शिकारीचं घरी करायचे तसंच कर. त्या मटणाला जनावराचा वास नव्हता की केस नव्हता, सारख्या चौकोनी फोडी. तरी मी खोबरं भाजलं, वाटण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. बाहेर टीव्हीवर त्याची शिकार चालू होती. हरीण मका खात होतं, मग पडलं, मग तेच हळूहळू पडताना पुन्हा दाखवलं. त्याचे ऑफिसातले मित्र टाळ्या वाजवत होते. सुनेने मला डोळ्यांनी विनवलं की आज काही बोलू नका. बिचारी, तिने ते मटण फ्रीजमध्ये ठेवतानाच नाक मुरडलं होतं.

पाहुण्यांमध्ये शेजारचे एक ओमानी गृहस्थ होते, वयाने माझ्याएवढे. त्यांनी जन्मभर भारतातल्या लोकांशी धंदा केलेला, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी सहज बोलतात. ते टीव्हीकडे पाठ करूनच बसले होते. तुमचा फोटो पाहून त्यांनी चौकशी केली, हे कोण. मी सांगितलं. मग सुरीचा नियमही सांगितला, मुद्दाम मोठ्याने, टीव्हीच्या आवाजातही ऐकू जाईल असा. त्यांनी मान डोलावली. म्हणाले की त्यांचे आजोबा कुत्रा घेऊन पायी हरणामागे जायचे. "पहले आदमी भी थकता था, ग़ज़ाल भी थकता था. फिर गाडी आया. खलास." आता इथे हरणाला हात लावायची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, असं ते म्हणाले. टाळ्या वाजवणारे हात एकदम भाकरीकडे वळले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेव्हा तुमचा नातू बोलला. टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे बघून अडखळत म्हणाला, "मम्मी, माझं ना, मी पोचलो तेव्हा ते ऑलरेडी मेलं होतं. खूप लांब होतं. म्हणून मी मीट घेतलंच नाही. गाइडला सांगितलं, मी हे नाही खाऊ शकत." मित्रांना हे ठाऊक नव्हतं, त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मग त्याने विचारलं, "नानांचं कधी असं झालं?"

अब्बा, मला वाटतं, मी हो म्हणावं अशी त्याची आशा होती. एवढंच हवं होतं त्याला.

मला आठवली ती सांबराची मादी. मुंबईहून तुमच्या चुलतभावाचे दोस्त जीप घेऊन आले होते, दिवा घेऊन, दुर्बिणीची रायफल घेऊन. तुम्ही नाही म्हणाल असं मला वाटलं होतं. तुम्ही त्यांच्यासोबत गेलात. उजाडता तुम्ही परत आलात तेव्हा घामाने निथळत होतात. त्यांनी दरीपलीकडचं जनावर उडवलं होतं आणि सुरी घेऊन दरी उतरून पुन्हा चढले ते तुम्ही. अंगणात अर्धा गाव जमला होता. चुलतभावाने विचारलं, जिवंत मिळालं ना? तुम्ही म्हणालात, "जितं व्हतं." वाटे पडले. मान माझ्या वाट्याला आली, धुवायला. मी चौदा-पंधरा वर्षांची असेन, पण तोवर इतक्या माना धुतल्या होत्या की मला शिकवायची गरज नव्हती. चीर पांढरट होती. केस कोरडे होते. पाण्यात रक्त उतरलंच नाही. मी अम्माकडे पाहिलं, अम्माने मानेकडे पाहिलं, आणि माझ्या हातातून ती घेऊन भराभरा तुकडे केले. जेवताना तिने दाढ दुखते म्हणून ताटात नुसता भात घेतला. तुम्ही जेवलात. मान खाली घालून, सावकाश, पाहुण्यांशेजारी बसून. बाहेर लोक तुमच्या नावाने दुवा देत वाटे घेऊन चालले होते.

त्यानंतर तुम्ही कधी शिकारीला गेला नाहीत. लोकांना गुडघा सांगितलात. बंदूक तेल लावून माळ्यावर गेली. मी तेव्हा तुमचा फार राग केला, आणि त्याहून जास्त तुमची कीव केली, की एका दुर्बिणीसमोर, चार शहरी बूटवाल्यांसमोर तुम्हाला एवढंही म्हणता आलं नाही की मी पोचलो नाही, हे टाकून द्या. हे बोलायला किती वेळ लागला असता? तुमच्या नातवाला लागला तेवढाच. त्याला धड मराठी येत नाही, तरी तो बोलला.

आणि त्याला मी काय सांगितलं? मी सांगितलं, "कधीच नाही." तेवढ्यावर थांबले नाही. म्हटलं, तुझे नाना सुरी पोचेल तिथवरच बार टाकायचे, ज्याला तेवढं जमत नाही त्याने बंदुकीला हात लावू नये. ओमानी गृहस्थ माशाल्ला म्हणाले. तुमचा नातू उठला, रिकामी ताटं गोळा करून स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मला रुवीला सोडायला तोच आला.

काल सकाळी त्याचा मेसेज आला. पुढच्या वर्षीचं बुकिंग रद्द केलं आहे. शिंगंही पाठवू नका म्हणून कळवलं आहे. आणि नानांचा फोटो भिंतीवरून काढला आहे, म्हणतो, मी त्याच्या लायकीचा नाही. सगळं इंग्रजीत, शेवटी सॉरी मम्मी. जे मला हवं होतं ते सगळं झालं. जाळीतली हरणं मारणं थांबलं, मिरवणं थांबलं, तुमचं नाव त्या टाळ्यांमधून सुटलं. आणि मी फोन हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले आणि मला तुमची, त्याची आणि माझी, तिघांचीही चीड आली. सगळ्यांत कमी त्याची.

मशीन थांबलंय. कपडे वाळत घालायचे आहेत. हा कागद कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. अल खौदला नेऊन त्याच्या हातात दिला तर तो बोट लावून लावून का होईना, वाचील. देणार नाही. तुमची बेअब्रू होईल म्हणून नाही, अब्बा. मी त्याला ओळखते. तो वाचून म्हणेल, इट्स ओके मम्मी, आणि तुमचा फोटो पुन्हा भिंतीवर लावील. खुर्चीत बसून हरीण मारणाऱ्या माणसाने तुम्हाला माफ केलेलं मला बघवणार नाही.