कावेरी म्हशीचा पहिला नंबर

१४ जानेवारी १९९९, गुरुवार. संक्रांत.
आजपासून आमच्या महिला दूध संस्थेची प्रशासक मी. साहेब तालुक्याहून आले आणि चेअरमन शालूबाईसकट सगळं मंडळ बरखास्त करून गेले. फॅट बघायला प्रत्येकीच्या दुधातून सॅम्पल काढतात. उरलेलं सॅम्पल एका घागरीत साठायचं आणि ती घागर रोज शालूबाईच्या घरी जायची. घरात म्हैस नाही, आणि सणावाराला बासुंदी! गावात मॅट्रिक झालेली बाई मीच, म्हणून मला नेमलं. तीन महिन्यांत निवडणूक घ्या म्हणाले.
मॅट्रिकच्या वर्षी आणीबाणी होती. मास्तर वेळेवर यायचे. मी पास झाले. हे म्हणाले, मग आता डेअरीत आणीबाणी लावतीस काय? थट्टा. पण लावणार आहे.

१५ जानेवारी.
हुकूम काढले. पहिला, सॅम्पलचं दूध कुणी घरी न्यायचं नाही. दुसरा, जी दूध घालत नाही तिला मत नाही आणि पदही नाही. (शालूबाई कायमची गेली.) तिसरा, डेअरीतला चहा बंद. बिरदेवाच्या भंडाऱ्याची डबी मधे ठेवून सगळ्या बायकांनी भंडारा उचलला. फॅट मोजून वहीत लिहिणाऱ्या सेक्रेटरी केरबानंही. मी नाही उचलला. शपथ देणाऱ्यानं घ्यायची नसते.
शेवटी धोंडुबाई थांबली. नवरा नाही, एका म्हशीवर घर चालतं. म्हणाली, वैनी, सरकी घालतो, पेंड घालतो, आन फ्याट लागतंय पाण्यागत. फ्याट कमी म्हणून दर कमी. तुमी तरी बगा की. म्हटलं, महिनाभरात नीट लागेल. शब्द दिला.

७ फेब्रुवारी, रविवार.
सॅम्पलचं काय करायचं हा प्रश्नच आहे. ओतून द्यावं तर पाप. ज्याचं त्याला द्यावं तर सगळं मिसळलेलं. डेअरीत बिरदेवाचा फोटो लावून अभिषेक केला, तर फोटोला मुंग्या. शेवटी ठरवलं, आमच्या देवघरातल्या देवांना अभिषेक. केरबा घागर पोचवतो. हे घरी नेणं नव्हे. एक तर मी नेत नाही, केरबा आणतो. दुसरं, देवघर म्हणजे घर नव्हे.

२१ फेब्रुवारी.
देवाला पळीभर पुरतं. देव काटकसरी आहे. उरलेलं फुकट घालवणं माझ्या स्वभावात नाही. बासुंदी केली. ह्यांनी विचारलं, कुणाच्या म्हशीचं? म्हटलं, देवाचं. म्हणाले, देव कवापासनं म्हस पाळायला लागला?
धोंडुबाई येऊन गेली. फॅट तेवढंच. म्हटलं, मुळापासून सुधारायचं म्हणजे वेळ लागतो.

१५ एप्रिल.
निवडणुकीची मुदत संपली. पण बायकांना अजून शिस्त लागलेली नाही. पंचांग बघितलं तर पुढच्या महिन्यात अधिक मास. शुभकार्य करत नाहीत. पुढे ढकलली. कशाला घाई? भ्रष्टाचार तर बंदच आहे.

२० मे.
कावेरी आटली. आमची एकुलती एक म्हैस, भाकड. दूध घातलं नाही तर माझ्याच हुकमानं माझं पद जातं. पदाचं काही नाही मला. पण मी गेले की माझे हुकूमही जाणार, शालूबाई येणार, आणि गाडी पुन्हा बासुंदीवर. संस्था वाचवायची म्हणून अभिषेकाचं उरलेलं दूध माझ्या नावावर घातलं. मन घट्ट करून.
केरबापुरता चहा सुरू केला. त्याला फार काम पडतं.

११ जुलै.
माझं फॅट गावात सगळ्यात जास्त! केरबा म्हणाला, अभिषेकाच्या दुधाला चढतंच की वैनी. श्रद्धा असली की होतं. धोंडुबाईचं मात्र आणखी उतरलं. तिला म्हटलं, नवस बोल. म्हणाली, नवसानं म्हस धार देती व्हय वो? उद्धटपणा. असल्यांच्या हाती मत देऊन काय होणार? निवडणूक श्रावणानंतर बघू.

१० ऑगस्ट.
साहेबांचा निरोप. तालुक्यात फॅटमध्ये पहिला नंबर आमच्या कावेरीचा! पंधरा ऑगस्टला ते दारात येऊन तिला हार घालणार, फोटो काढणार, समोर धार काढून घेणार. निवडणूकही त्याच दिवशी उरकून टाका म्हणाले. उरकते. आता मला कोण पाडतंय?
हात वर करून मतदान ठेवलंय. तोंडावर कुणी विरोध करत नाही.

१४ ऑगस्ट.
रात्रभर झोप नाही. हार घालून घ्यायला कावेरी तयार आहे, धारेचं काय?
उपाय सुचला. धोंडुबाईची म्हैस दिवसापुरती आणायची. काळ्या म्हशीत आणि काळ्या म्हशीत साहेबांना काय कळतंय! तिला म्हटलं, एवढं कर, निवडणूक झाली की तुझं फॅट नक्की. ती मग म्हणाली, आणतो की वैनी. शिंगं रंगवून आणतो. गरीब माणसं किती समजूतदार असतात.

१५ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळ.
सविस्तर लिहीत नाही.
म्हशीनं मला लाथ घातली. धोंडुबाईनं पाठीवर थाप मारली तर लगेच पान्हा सोडला. साहेबांनी स्वतःचं यंत्र आणलं होतं. फॅट एक नंबर लागलं. साहेब हार घालणार, एवढ्यात धोंडुबाई म्हणाली, सायेब, आज एक नंबर हाय, मग डेअरीत हिचंच फ्याट पाण्यागत कसं वो लागतंय?
साहेबांनी विचारलं, म्हैस कुणाची? मी तोंड उघडलं. तिनं भंडाऱ्याची डबी पुढे केली. म्हणाली, वैनी, उचला आन म्हणा, माजी हाय.
माझे हात शेणाचे होते. शेणाच्या हातानं भंडारा उचलत नाहीत, एवढं शास्त्र मला कळतं.
शालूबाईनंच तोंड घातलं, गोठ्यात म्हस भाकड, आन घरात बासुंदी! केरबा सायकल काढून कुठे गेला, कळलं नाही.
निवडणूक झाली. दुसरा हुकूम साहेबांनी मोठ्यानं वाचला. दूध नाही, म्हणून मला मत नाही आणि पद नाही. अक्षर छान आहे म्हणाले. बाकी सगळे हात धोंडुबाईसाठी वर गेले. तोंडावर.

२२ ऑगस्ट, रविवार.
धोंडुबाईच्या कारभारावर कडक नजर ठेवणार आहे. सॅम्पलचं दूध ती रोज एकीला देते, पाळी लावून. लोकशाही म्हणे. किती दिवस चालतंय बघू.
आज अभिषेकाला पाणीच घेतलं होतं. तेवढ्यात तिनं तांब्याभर दूध पाठवलं, तिच्या घरचं, देवाला म्हणून. ही सरळ सरळ लाच आहे. विरोधकांचं तोंड बंद करायची. परत पाठवणार होते, पण देवाच्या नावानं आलेलं परत पाठवत नाहीत. तांब्या रिकामा देऊ नये म्हणून तळाला चिमूटभर साखर घालून दिला.
अभिषेक पळीभर. उरलेल्याचा चहा.
ह्यांनी घोट घेतला आणि विचारलं, कुणाच्या म्हशीचं?
धोंडुबाईच्या, म्हटलं.
ह्यांनी मग आणखी एक कप मागितला.
म्हटलं, संपलं.